गॅसची बग्गी

वारज्याच्या टेकडीला पाठ टेकून बसलेल्या निसर्गशिखर सोसायटीत सगळं काही होतं. पोहायचा तलाव होता, त्यात कसं पोहू नये याचे अकरा नियम होते आणि ते नियम लावायला काचेची पेटी होती. नव्हता तो फक्त सपाट रस्ता. फाटकापासून थेट वरच्या ई इमारतीपर्यंतचा रस्ता असा छातीवर चढत गेला होता की भाजीची पिशवी घेऊन निघालेला माणूस मधल्या सी इमारतीशी थांबून उगाचच झाडांवरच्या पाट्या वाचत उभा राही. रिक्षावाले तर फाटकाशीच हात झटकत. "वर नाही येणार."

कोंडीरामला त्यांचा राग येत नसे. चौतीस वर्षं पुण्यात रिक्षा चालवताना त्यानंही हेच वाक्य हजारदा म्हटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मुलानं, संतोषनं, सी इमारतीत फ्लॅट घेतला आणि रिक्षा विकायला लावून आईबापांना इथं आणलं. बायकोला, मुक्ताईला, आल्या आल्या चार मैत्रिणी मिळाल्या. कोंडीरामला मिळाली ती यंत्रं. लिफ्टचा मिस्त्री आला की हा त्याच्या मागं, पाण्याच्या मोटारीचं झाकण उघडलं की हा आत वाकलेला. "ही वायर कुठं जाती? अन् ही काढली तर?" मिस्त्री वैतागायचे, पण सांगायचे, कारण इतक्या मनापासून त्यांनाही कुणी काही विचारत नसे. कोंडीरामला मात्र कुणीच काही विचारत नव्हतं. रिक्षात बसणाऱ्यांनी चौतीस वर्षं त्याच्या पाठीला देशाचं राजकारण समजावलं, पण "तुम्हाला काय वाटतं?" असं कुणी म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. सोसायटीत तर दोन वर्षांत एकच प्रश्न आला होता, "काका, जरा बाजूला होता का?" त्याचं त्याला वाईट वाटे, आणि वाईट वाटतं हे कबूल करायला तो तयार नसे.

म्हणून त्या रविवारी क्लबहाउसात बैठक चालू असताना अध्यक्ष करंदीकर मागच्या रांगेकडे बघून म्हणाले, "अहो, ते रिक्षावाले काका आहेत ना? त्यांना विचारू या," तेव्हा कोंडीरामनं आधी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

विषय बग्गीचा होता. चढ चढवत नाही म्हणून ज्येष्ठ मंडळींसाठी सोसायटीनं एक गोल्फ कार्ट घ्यायची, सहा माणसांची, फाटकापासून ई इमारतीपर्यंत खाली-वर करायला, एवढं ठरलं होतं. कुठली घ्यायची, हे ठरत नव्हतं. विक्रम करंदीकर निवृत्त अधिकारी. त्यांची मुलगी शेफाली अमेरिकेत, आणि तिच्याकडे ते दोनदा राहून आलेले. तिसऱ्यांदा जाईपर्यंत त्या दोन खेपा पुरवून वापरायच्या होत्या, त्यामुळे कुठल्याही विषयात 'आमच्या शेफालीकडे' यायचंच. शेफालीनं तिकडच्या कार्टांचा एक तुलनात्मक तक्ता पाठवला होता. करंदीकरांनी ज्येष्ठांच्या सोयीसाठी त्याचं स्वतः मराठी केलं होतं. डावीकडे 'गॅसची', उजवीकडे 'विजेची'. करंदीकरांचा कल विजेचीकडे होता. ई इमारतीतल्या पद्मजाबाईंनी मात्र गॅसचीला मत दिलं होतं आणि त्यांच्यामागं आणखी तिघांनी.

पद्मजाबाई शहात्तर वर्षांच्या. मुलींच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलेलं, त्यामुळे सोसायटीतली निम्मी माणसं त्यांना नुसतं 'बाई' म्हणत आणि उरलेली निम्मी त्यांच्यासमोर आपोआप सरळ उभी राहत. गुडघे गेल्यापासून त्या खाली क्वचितच येत. बग्गी खरी हवी होती ती त्यांनाच.

"तर काका," करंदीकर म्हणाले, "गॅसची की विजेची? तुमचं मत काय?"

कोंडीराम उभा राहिला. घसा साफ केला. आयुष्यभर साठलेलं मत एकदम दाराशी आल्यावर गर्दी होणारच, पण पहिलं वाक्य निघालं आणि मग अडलं नाही.

"गॅसची घिऊ नका. मी चौदा वर्सं गॅसवर गाडी चालवलीया. पयली गोष्ट, चढाला गॅस दम सोडतो. दोन जाडी माणसं बसली आन् पूल लागला की गाडी रडायची. मंग बटन फिरवून पेट्रोलवर घ्यायची, की चालली बघा! दुसरी गोष्ट, गॅसची लाइन. पंपावर उभं राहून निम्मा दीस जातो. अन् तिसरी गोष्ट, टाकी. शिटाखाली एवढं मोठं नळकांडं घिऊन बसायचं. भरताना समद्या सवाऱ्या खाली उतरवाव्या लागत्यात, तसा नियमच हाय. ह्या म्हाताऱ्या माणसांना कुठं उतरवत बसणार वो?"

सभा गप्प झाली. पुण्यातली सभा गप्प होते तेव्हा समजावं की माणसाचं बोलणं तरी खरं आहे किंवा चहा तरी आलाय. चहा आलेला नव्हता. मग एकानं विचारलं, की जादाची टाकी ठेवायची कुठं? दुसऱ्यानं अग्निशमन दलाच्या परवानगीचा मुद्दा काढला. बी इमारतीतले एक गृहस्थ म्हणाले, स्वयंपाकाच्या गॅसची पाइपलाइन आहेच, तिला एक तोटी काढता येईल का? यावर वीस मिनिटं चर्चा झाली. करंदीकर दोन बोटांत पेन धरून सगळं ऐकत होते, काही बोलत नव्हते.

शेवटी पद्मजाबाईंनी हात वर केला. "कोंडीराम, चढाला दम सोडतो हे तुमच्या अनुभवाचं की ऐकीव?"

"अनुभवाचं, बाई. रोजचं."

"मग मी माझं मत मागे घेते."

विजेची बग्गी एकमतानं मंजूर झाली. तिसऱ्या दिवशी बैठकीचं इतिवृत्त लिफ्टमध्ये लागलं. त्यात लिहिलं होतं: 'तज्ज्ञ सदस्य श्री. कोंडीराम यांच्या मार्गदर्शनानुसार गॅसचा पर्याय फेटाळण्यात आला.' कोंडीराम त्या सकाळी लिफ्टनं तीनदा खाली-वर गेला. चौथ्यांदा मुक्ताईला घेऊन गेला. तिला वाचता येत होतं तरी त्यानं स्वतः वाचून दाखवलं.

आता खरेदीआधी बग्गी डोळ्यांखालून घालायची होती. करंदीकर म्हणाले, बसून बघायला पद्मजाबाई आणि चालवून बघायला कोंडीराम, असे दोघं जाऊन या. विक्रेता हडपसरला होता, कालव्यापलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. दोघं रिक्षानं गेले. मागं बसायची सवय नसल्यानं कोंडीराम वाटभर उजवा पाय दाबत राहिला, आणि प्रत्येक सिग्नलला त्या रिक्षावाल्याच्या वतीनं बाईंकडे दिलगिरी व्यक्त करत राहिला.

शेडमध्ये दीक्षा नावाची तरतरीत मुलगी होती. हॉटेलं, रिसॉर्टं, मोठ्या सोसायट्या यांना बग्ग्या विकायचं काम तिच्याकडे. तिनं पांढरी सहा सीटर पुढं आणली, आणि आणली म्हणजे काय, ती नुसती आली. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. कोंडीरामनं आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं वाहन चोरपावलांनी येताना पाहिलं.

"ह्याला गिअर?"

"नाही काका. फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स. बस्स."

"मंग चढाला काय करायचं?"

"काही नाही. पेडल दाबायचं."

त्याला ते पटेना. चढाला काहीतरी करावं लागतंच, नाहीतर तो चढ कसला? त्यानं सीट उचलून बघितली. खाली काळ्या बॅटऱ्यांच्या दोन रांगा. किती आहेत, प्रत्येक किती व्होल्टची, पाणी कुठलं घालायचं, घालायला विसरलो तर काय, एक खराब झाली तर बाकीच्या रुसतात का, रात्रभर चार्जिंगला लावली आणि वीज गेली तर? दीक्षा उत्तरं देत होती आणि मधूनमधून फोनमध्ये बघून स्वतःही शिकत होती. "काका, तुम्ही आमच्याकडे ट्रेनिंगला या," ती म्हणाली. बाई पुढच्या सीटवर बसून पाय लांब करून बघत होत्या.

अर्ध्या तासानं कोंडीरामचं लक्ष शेडच्या कोपऱ्यात गेलं. तिथं एक हिरवी बग्गी धूळ खात उभी होती.

"ती?"

"ती जुनी आहे. एका रिसॉर्टची. गॅस मॉडेल. आता फारसं कोणी घेत नाही."

गॅस म्हटल्यावर कोंडीराम तिकडं वळला. टाकी कुठं बसवलीय, याची त्याला भारी उत्सुकता होती. मागं बघितलं. मागं नव्हती. खाली वाकून बघितलं. खालीही नव्हती. सीट उचलली, तर आत एक आटोपशीर इंजिन आणि शेजारी प्लास्टिकची चपटी टाकी. त्यानं टाकीचं झाकण फिरवलं आणि नाक जवळ नेलं. तो वास त्याला झोपेतसुद्धा ओळखू आला असता.

"आवं, ह्ये तर पेट्रोल हाय!"

"हो मग," दीक्षा म्हणाली, "गॅस म्हणजे पेट्रोलच. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात. गॅसोलीन."

कोंडीरामच्या हातात झाकण तसंच राहिलं. चौदा वर्षांची लाइन, शिटाखालचं नळकांडं, खाली उतरवलेल्या सवाऱ्या, अग्निशमन दल, स्वयंपाकघरातली तोटी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्यात सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं स्वतःचं ते वाक्य: पेट्रोलवर घ्यायची, की चालली बघा! म्हणजे पेट्रोलच चढाला खरं असं छातीठोक सांगून त्यानं पेट्रोलचीच गाडी बाद करवली होती. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"काय झालं हो?" बाईंनी लांबून विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला आणि झाकण लावलं. परतताना मात्र त्यानं दीक्षाला विचारून घेतलं, की रविवारी दोन्ही गाड्या आमच्या चढावर आणाल का? ती म्हणाली, टेम्पोत घालून आणते, तुम्ही एवढे प्रश्न विचारलेत तर एवढं तर करावंच लागेल.

वाटेत तो ब्रेक दाबायचंही विसरला.

घरी त्यानं मुक्ताईला सांगितलं. तिनं शेंगा निवडता निवडता ऐकून घेतलं. "मंग आता काय करायचं म्हणता?"

"सांगावं लागंल."

"कुणाला? कुणाच्या ध्यानात तरी आलंय का? इजेची गाडी चांगली हाय ना?"

"चांगली दिसती."

"मंग झालं तर. झाकली मूठ सव्वा लाखाची. कधी न्हाई ते कुणी तुम्हाला इचारलं, अन् तुम्ही जाऊन सांगणार, म्हणं मी चुकलो. पुन्हा इचारतील व्हय कुणी?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि नेमकं तेच त्याला टोचत होतं. दोन दिवस तो लिफ्टनं गेला नाही, जिन्यानं गेला, त्या कागदासमोर उभं राहावं लागू नये म्हणून. पण दुसरी एक गोष्ट त्याला त्याहून जास्त छळत होती. आपण चुकलो ते चुकलो, पण मग खरं काय? दोघींतली कुठली चढते? सहा माणसं घेऊन? दहा फेऱ्या झाल्यावर? हे आता कुणालाच माहीत नव्हतं, कारण शोधायची गरजच त्यानं संपवून टाकली होती.

तिसऱ्या दिवशी तो चढ चढून ई इमारतीत गेला आणि पद्मजाबाईंच्या दारात उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला. कोंडीरामला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

"म्हणजे मी माझं मत तुमच्या सिलिंडरसाठी सोडलं?"

"व्हय, बाई."

"मी तुम्हाला विचारलं होतं. अनुभवाचं की ऐकीव, म्हणून."

"अनुभवाचंच हुतं, बाई. फकस्त गाडी दुसरी हुती."

यावर त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण आवाज शाळेतलाच राहिला. "बसा. आता विजेची चांगली निघाली तर तुम्ही म्हणाल, शेवटी उत्तर बरोबरच आलं."

"मुक्ताई तसंच म्हंती."

"माझ्या वर्गात उत्तराला एक मार्क असे आणि रीतीला तीन. रीत चुकून उत्तर बरोबर आलं तर मी समजायचे, पोरीनं शेजारणीच्या वहीत पाहिलंय. रविवारी सगळ्यांसमोर सांगणार का?"

कोंडीरामनं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्याला स्वतःलाही नीट कळलं नाही.

रविवारी सकाळी दीक्षा टेम्पो घेऊन आली. पांढरी आणि हिरवी, दोन्ही बग्ग्या फाटकाशी उतरल्या. फुकट बघायला मिळतंय म्हटल्यावर पन्नास-साठ माणसं गोळा झाली. करंदीकर हिरवीकडे बघून म्हणाले, "ही कशाला आणलीत? हिचा निकाल लागलाय."

कोंडीराम दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभा राहिला.

"मला बोलायचंय," तो म्हणाला. "मी त्या दिवशी बोललो ते चुकीचं हुतं. मी गॅस म्हंजी रिक्षातला गॅस समजलो. तुमच्या कागदावरचा गॅस म्हंजी पेट्रोल. मी ज्या गाडीबद्दल बोललो, ती गाडी ह्यात नव्हतीच. माझ्या बोलण्यावर बाईंनी अन् बाकीच्यांनी मत बदललं. ते तुम्ही धरू नका. माफी करा."

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग एकाला उमगलं, तो हसला, आणि मग हसणं सगळीकडे पसरलं. "वा, तज्ज्ञ!" कुणीतरी मागून ओरडलं. ज्या गृहस्थांनी पाइपलाइनला तोटी काढायचं सुचवलं होतं, ते सगळ्यात मोठ्यानं हसत होते. कोंडीरामचे कान तापले. मुक्ताई गर्दीत उभी होती. तिच्याकडे बघायची त्याला छाती झाली नाही.

"अहो काका," करंदीकर सांभाळून घ्यायच्या सुरात म्हणाले, "त्यात काय एवढं? गॅस म्हणजे पेट्रोल हे काय कुणाला माहीत नव्हतं? आमच्या शेफालीकडे सहा महिने मीच भरत होतो की गाडीत गॅस."

हसणं थांबलं, पण एकदम नाही, हळूहळू, जसं एकेकाच्या डोक्यात शिरत गेलं तसं.

"म्हणजे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?" पद्मजाबाईंनी विचारलं. त्यांच्यासाठी कुणीतरी खुर्ची आणून ठेवली होती, तिथून त्या उठल्या नव्हत्या.

"म्हणजे… माहीत असं… चर्चा योग्य दिशेनं चालली होती, म्हणून मी मध्ये पडलो नाही."

"वीस मिनिटं आम्ही सिलिंडर कुठं ठेवायचा ते ठरवत होतो, विक्रम."

करंदीकरांनी घड्याळ बघितलं. "आपण ट्रायल घेऊ या का?"

ट्रायल घेतली. कोंडीराम आधी हिरवीत बसला. पेडलवर पाय ठेवला तसं इंजिन आपण होऊन सुरू झालं, आणि पाय काढला तर गप्प. त्यानं तीनदा पाय ठेवून काढून बघितला. मघाची लाज कुठल्या कुठे गेली. "दीक्षा, हिला किल्ली मारायचीच न्हाई? पायानंच उठती ही?" सहा माणसं बसली. हिरवी खडखडत, थरथरत, पण न थांबता वर गेली. मागच्या उलट्या सीटवरची दोघं नाकाला रुमाल लावून उतरली. उतरताना मात्र गाडी मोकळी सुटायला बघत होती, ब्रेकवर सारखा पाय ठेवावा लागला.

मग पांढरी. तीच सहा माणसं. पेडल दाबलं आणि चढ जणू नव्हताच. कोंडीराम वर पोहोचला, वळला, आणि उतारावर सवयीनं ब्रेककडे पाय नेणार तोच त्याच्या लक्षात आलं, की नुसता पाय उचलला तरी गाडी स्वतःला धरून ठेवतेय. त्यानं पाय पूर्ण काढला. गाडी शहाण्या बैलासारखी आपल्या चालीनं उतरत राहिली. चौतीस वर्षांत असलं काही त्यानं पाहिलं नव्हतं. "कोण धरतंय हिला?" तो खाली येता येता ओरडला. दीक्षानं सांगितलं, उतरताना मोटारच उलटं काम करते आणि थोडी वीज परत बॅटरीत भरते. उताराची वीज! तो पुन्हा वर गेला, पुन्हा आला. माणसं बदलली, फेऱ्या चालू राहिल्या. अकराव्या फेरीला निम्मी गर्दी नाश्त्याला गेली. बॅटरीचा काटा किती खाली आला ते तो दर फेरीला मोठ्यानं सांगत होता, ऐकायला कुणी असो वा नसो.

दोन्ही चढल्या होत्या. पेट्रोलचं तेवढं सोडलं, तर त्यानं सभेत सांगितलेलं एकही वाक्य खरं ठरलं नव्हतं.

"चला, पुन्हा मत घेऊन टाकू," करंदीकर म्हणाले. "हात वर करा. विजेची—"

"थांबा," पद्मजाबाई म्हणाल्या. "आधी कोंडीरामना विचारा."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "बाई, पुन्हा त्यांना? मागच्या वेळी काय झालं ते—"

"मागच्या वेळी ते चुकले, हे आपल्याला कुणी सांगितलं? त्यांनीच. ज्यांना माहीत होतं ते घड्याळ बघत बसले. मग विचारायचं कुणाला?" त्या कोंडीरामकडे वळल्या. "बोला. तुमचं मत काय?"

कोंडीरामच्या मनात होतं ते इतकंच, की पुन्हा विचारलं. सगळं कळल्यावर विचारलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं पुसलंही नाही. मुक्ताईनं लांबून हातानं खूण केली, बोला की आता.

"इजेची," तो म्हणाला. "चढाला दोन्ही चालतात. इजेची उताराला धरती, म्हणून इजेची. बॅटऱ्या तीन वर्सांनी काय करतील, ते मला ठाव न्हाई. ते कुणी सांगितलं तर मलाबी सांगा."

"विजेचीला कोण?" करंदीकरांनी विचारलं. भराभर हात वर गेले.

"पेट्रोलचीला?"

एकच हात वर झाला. पद्मजाबाईंचा.

"अहो बाई!" करंदीकर म्हणाले. "आत्ता तुम्हीच तर त्यांना विचारायला लावलंत!"

"विचारलं म्हणजे ऐकलंच पाहिजे असं कुठाय?" बाई म्हणाल्या. "इतिवृत्तात नीट लिहा. विरोधी मत एक."

विजेचीसाठी वर केलेला कोंडीरामचा हात अजून वरच होता. त्यानं तो खाली घेतला नाही, पण त्याला राहवलं नाही. "बाई, पण का वो? पेट्रोलचीच का?"

"तिचा आवाज येतो. खिडकीत बसलं की खालून निघाली ते ऐकू येईल. मग उठायचं, कुलूप लावायचं, लिफ्टची वाट बघायची, खालच्या चार पायऱ्या एकेक करून उतरायच्या. मला वेळ लागतो. ही तुमची चोरपावलांची येईल आणि माझं कुलूप लागायच्या आत निघून जाईल."

बॅटऱ्यांपासून उतारापर्यंत सगळं कोंडीरामनं विचारलं होतं. वर खिडकीत बसून वाट बघणाऱ्या माणसाचं त्यानं काही विचारलं नव्हतं.

"किती वेळ लागतो, बाई?"

"सात मिनिटं. थंडीत आठ."

"सकाळची फेरी मी मारीन," तो म्हणाला. "तुमच्या दाराशी आठ मिनिटं थांबीन. उभी असली की हिचं काहीच जळत न्हाई."